माझ्या छातीच्या फोटोच्या शोधात: सोनिवली ते शहाड

आमच्या सोनिवलीतल्या सोसायटीत परदेश करून आलेले चार जण आहेत. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून ते स्वित्झर्लंडच्या बर्फाबद्दल बोलतात आणि बाकीचे आम्ही ऐकतो. माझ्याकडे सांगण्यासारखा प्रवास एकच आहे. तो सोनिवलीहून निघाला आणि उल्हासनगर, अंबरनाथ करत शहाडला संपला. सरळ गेलं तर रिक्षाने तासाभराचं काम. मला चार दिवस लागले. वाटेत मी एका जिन्यात अडकलो, आणि ज्या वस्तूच्या शोधात निघालो होतो ती मीच माझ्या हाताने कात्रीने कापली होती, असं निष्पन्न झालं. त्या वाटेने हौसेने कोणी जात नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

मी गजानन भोईर, वय एकसष्ट. उल्हासनगरात जीन्सच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं कटिंग मास्तर होतो. म्हणजे लांब टेबलावर कापडाचे थर पसरायचे, त्यावर खाके, म्हणजे खिसा, पाय अशा भागांचे नमुने, ठेवून खडूने रेघा मारायच्या आणि मशीनने कापायचं. सगळे मला मास्तर म्हणायचे. शाळेतले मास्तर मला काय म्हणायचे ते आठवलं, की या नव्या पदवीचा मला जास्तच अभिमान वाटायचा.

गेली नऊ वर्षं मला दम लागतो. जवळच्या डॉक्टरांनी दमा म्हणून तोंडात मारायचा पंप दिला होता. दिवाळीनंतर खोकला थांबेना म्हणून सीटी स्कॅन काढला, तर दोन्ही फुफ्फुसांत डाग निघाले. प्रकरण शहाडला छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलं. त्यांची वेळ मिळाली सहा आठवड्यांनी.

खरं सांगायचं तर आजारापेक्षा तो लपवण्यात मी जास्त मेहनत घेतली. चालताना दम लागला की मी थांबून भिंतीवरच्या सूचना वाचतो. स्टेशनपासून घरापर्यंतची प्रत्येक पाटी मला पाठ आहे: पाणीकपात, हरवलेली मांजर, वधूवर मेळावा. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, बरीच वर्षं वाटायचं की मी निवडणुकीला उभा राहणार आहे.

सोनिवली, सोमवार

सकाळी दवाखान्यातून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी होती.

"काका, गुरुवारी अकराला तुमची अपॉइंटमेंट. तयारी सांगते, लिहून घ्या. जुने सगळे रिपोर्ट आणायचे. जुना एक्स-रे असेल तर तो आणाच. डाग आधीपासूनचे आहेत की नवीन, आणि वाढतायत का, ते मॅडमना बघायचंय."

"आणि वाढत असतील तर?"

"ते मॅडम सांगतील. पुढे लिहा. सगळे पंप आणा, संपलेलेसुद्धा. गुरुवारी सकाळी पंप घेऊ नका, फुंकायची टेस्ट आहे. पण फारच दम लागला तर घ्या आणि मला फोन करा. सैल कपडे घाला, नाश्ता हलका. आणि आजवर कुठे कुठे काम केलंत, घरात धूर, धूळ, कबुतरं, सगळं एका कागदावर."

"कबुतरं?"

"पाळलीयत का?"

"नाही, ती आपण होऊन येतात."

"तेच लिहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दिवाणाखालची पेटी ओढली. तीत कधीच मोडीत गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड होतं, मुलीने दुसरीत काढलेला हत्ती होता, दात काढल्याची चिठ्ठी होती. छातीचा फोटो नव्हता. "वाढतायत का" एवढे दोनच शब्द डोक्यात घोळत होते, आणि घोळत असताना मी तीच पेटी तीनदा उपसली.

सुनंदा दारात उभी राहून बघत होती. "अहो, तुम्हाला निमोनिया झाला होता ना, अठरा वर्षांपूर्वी? तेव्हा काढला होता की मोठा फोटो."

"तोच शोधतोय."

"तो घरी कुठाय? तुम्ही तो कारखान्यात नेलात. सगळ्यांना दाखवायला."

ते खरं होतं. बरा झाल्यावर मी तो फोटो लग्नाच्या अल्बमसारखा टेबलाटेबलावर फिरवला होता. माझ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या आकाराचा माझा दुसरा फोटो निघालेला नाही.

दुपारी कामाचा कागद लिहायला बसलो. सुवाच्य अक्षरात लिहिलं: "वडिलांबरोबर भातशेती. नंतर कटिंग मास्तर, चोवीस वर्षं." मास्तर हा शब्द जरा मोठा आला. खाली सिगारेटपुढे लिहिलं, "पूर्वी, कधीतरी." सुनंदाने खांद्यावरून वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं, "रोज. पंधरा वर्षं." मग पेन परत दिलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

उल्हासनगर कॅम्प पाच, मंगळवार

कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाली. त्या जागी आता व्यायामशाळा आहे. ज्या खिडकीशी उभा राहून मी सिगारेट ओढायचो, त्या खिडकीत एक तरुण पळायच्या पट्ट्यावर पळत होता आणि कुठेच पोचत नव्हता. मला एकदम त्याच्याबद्दल जवळीक वाटली.

आमचे सेठ दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्टला बंद असल्याची पाटी होती. ती मी दोनदा वाचली. मग जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर दारांवरची नावं वाचली, सगळी 'आनी'ने संपणारी. दुसऱ्या मजल्यावर नावं वाचून संपली तरी श्वास परत येईना. तेवढ्यात एका बाईंनी दार उघडलं. आता काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी सेठचं घर कुठे ते विचारलं. ते घर मला तीसेक वर्षं माहीत आहे.

"ऊपर है," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली. मग जिन्यातून वर तोंड करून ओरडल्या, "दादा! आपका मेहमान हमारे यहाँ साँस ले रहा है!"

नऊ वर्षं जपलेलं गुपित एका मिनिटात तिन्ही मजल्यांना कळलं.

सेठ आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. अंगात पांढरा झब्बा, कानात मशीन. मला बघून त्यांनी दोन्ही हात धरले. "मास्टर! अरे तू तो बुड्ढा हो गया!"

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग "आता जेवूनच जा." सिंध्यांकडे पाण्याबरोबर भाजलेला पापड येतो, आणि तो खाल्ल्याशिवाय तुम्ही आलात असं धरलंच जात नाही. मी मोठ्या खुशीत पापड मोडला. त्याचा एक कण भलत्या वाटेला गेला आणि मी इतका खोकलो की सेठची सून पंखा, पाणी, वेलची असं एकेक घेऊन धावत राहिली. शेवटी तिने पापडाची ताटलीच उचलून नेली आणि दाल पकवान आणून ठेवलं. ते मात्र मी न बोलता, एकेक घास मोजून, संपवलं.

मग एक्स-रेचं विचारलं. सेठ हसायला लागले.

"एक्स-रे? अरे मास्टर, वो तो तूने ही काटा था!"

आणि मला आठवलं. कागदाचे खाके लवकर फाटतात. एक्स-रेची फिल्म फाटत नाही, कडा सरळ राहते, वर्षानुवर्षं टिकते. म्हणून आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने एक्स-रे गोळा करायचो आणि त्यांतून खिशांचे, पट्ट्यांचे खाके कापायचो. त्या दिवशी मागच्या खिशाचा बत्तीस नंबरचा खाका तुटला होता, माल त्याच दिवशी द्यायचा होता, आणि समोर टेबलावर माझी छाती पडली होती. उजव्या बाजूतून मी बत्तीस काढला, डाव्यातून छत्तीस.

"खाके गेले कुठे?" मी विचारलं.

"बबन को दिए थे सब. एक मशीन और पूरा गुच्छा. बुवापाडा में रहता है अभी."

निघताना सेठने माझा कामाचा कागद मागितला. चष्मा लावून वाचला. "बस? इतना ही लिखा?"

"इतकंच तर होतं, सेठ."

त्यांनी चष्मा काढला. मग कागदाची घडी घालून परत देत म्हणाले, "डॉक्टर पूछे तो मेरा नाम लिख देना. मैं ना नहीं बोलूँगा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपलंही नाव कुठेतरी लागावं असं वाटतंय. मी मोठ्या मनाने हो म्हटलं आणि जिना उतरलो. उतरायला मला काही त्रास होत नाही, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंसमोरून मी जरा जोरातच उतरलो.

बुवापाडा, अंबरनाथ, बुधवार

बबनचं गाव बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातला पाडा. विशीत तो कारखान्यात आला. आता पन्नाशीला टेकलाय. बुवापाड्यात एका खोलीत तो आणि त्याची बायको कमल शाळेची दप्तरं शिवतात. मी गेलो तेव्हा खोलीत निळ्या कापडाचा ढीग होता आणि ढिगामागे बबन होता.

"मास्तर! तुमी?" तो उठला, मशीनला धरून उभा राहिला आणि खाली वाकून सुईत दोरा ओवायला लागला. सुईत दोरा आधीच होता.

मी ते पाहिलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात माझीच छाती होती.

खाके भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते, प्रत्येकाला भोक पाडून सुतळी ओवलेली. बबनने गुच्छा काढला आणि आम्ही जमिनीवर बसून एकेक खाका खिडकीकडे धरून बघायला लागलो. कोणाचा गुडघा, कोणाचा पंजा, कोणाची कवटी, तिच्यातून पट्ट्याचे लूप काढलेले. शेवटी बरगड्या सापडल्या. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "३२ मागचा."

"हे घ्या तुमचा उजवा," बबन म्हणाला. "आन हा छत्तीस. वरचा कुठंय गो?"

"खांद्याचा तुकडा ना?" कमल म्हणाली. "तो ग्रहन बघाया काढला व्हता, मंग गावालाच ऱ्हायला."

कडेच्या दोन उरलेल्या पट्ट्याही मिळाल्या. आम्ही चारही तुकडे जुळवून चिकटपट्टी लावली. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं वाईट जोडकाम कधी पाहिलं नव्हतं. एका कोपऱ्यात तारीख आणि "GAJAN" एवढंच उरलं होतं, "AN" दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात गेलं होतं.

कमलने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि गावाहून आलेल्या हिरव्या वालाची भाजी. हलकं खा, ही सूचना गुरुवारची होती, त्यामुळे बुधवारी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवताना मी कौतुकाने माझा कागद दाखवला. कमल आठवीपर्यंत शिकलेली आहे. तिने मोठ्याने वाचला.

बबन ऐकत होता. ती थांबल्यावर म्हणाला, "आन वाळू?"

"कसली वाळू?"

"वाळू नाय लिवली तुमी?"

नव्या जीन्सला जुनं दाखवायचं तर मांड्यांवर आणि गुडघ्यावर दाबाच्या हवेने बारीक वाळू मारावी लागायची. आमच्या कारखान्यात मागच्या बाजूला त्याची बंद खोली होती. एक पंखा, एक पिवळा दिवा, तोंडाला रुमाल. आतला माणूस बाहेर यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. दोन सीझन माणूस कमी पडला, तेव्हा कटिंग संपल्यावर मी त्या खोलीत काम केलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सुनंदालाही नाही. रोज अंघोळ करून, केस विंचरून, मास्तर होऊनच घरी जायचो.

"ती काय माझी नोकरी होती का, बबन?" मी म्हटलं. "दोन सीझनचं तर काम. ते काय लिहायचं?"

बबनने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मंग मी काय करीत व्हतो, मास्तर? सहा वर्सं?"

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. खरंच विचारल्यासारखं विचारलं होतं. जे काम मला कागदावर लिहायलाही कमीपणाचं वाटलं, ती त्याची सगळी नोकरी होती. आणि काल सेठ "बस, इतना ही?" का म्हणाले, ना म्हणणार नाही असं कशाला म्हणाले, ते मला एक दिवस उशिराने, तीन भाकऱ्या पोटात असताना कळलं.

मी पेन मागितलं. "मास्तर"च्या खाली लिहिलं: "वाळू मारणे. दोन सीझन. तोंडाला रुमाल."

उठताना बबनला खोकला आला. तो लवकर थांबला नाही. थांबल्यावर तो परत सुईकडे वाकला. आता मात्र मी नीट पाहिलं. मी पाट्या वाचतो, तो सुईत दोरा ओवतो. एवढाच फरक.

"उद्या माझ्याबरोबर चल," मी म्हटलं.

"मना काय झायलाय? शिवनाचा काम बसून असतो, बसून असला की जरा लागतो दम. आन उद्या दप्तरं द्यायचीत."

कमलने माझ्याकडे पाहिलं. दारापर्यंत सोडायला आली, वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली आणि हळूच विचारलं, "किती वाजता हाय तुमचा?"

"अकराला. शहाड स्टेशनच्या बाजूलाच."

शहाड, गुरुवार

सैल कपडे घाला असं सांगितलं होतं. मी जीन्स घातली. चोवीस वर्षं जीन्स कापलेला माणूस डॉक्टरकडे पायजम्यात कसा जाणार? सुनंदा फक्त "बरं" म्हणाली. हे "बरं" मला ओळखू यायला हवं होतं.

फुंकायच्या टेस्टच्या खोलीत एक तरुण तंत्रज्ञ होती. नाकाला चिमटा लावून तिने नळी तोंडात दिली. "काका, मोठा श्वास घ्या, आणि जोरात फुंका! फुंका, फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" कबड्डीच्या मैदानात ओरडतात तशी ती ओरडत होती. मी फुंकायचा प्रयत्न करत होतो आणि कमरेचा पट्टा मला परत आत दाबत होता.

"काका, पँट घट्ट आहे. बटण सोडा."

"चालेल असंच."

"रीडिंग येत नाहीये, काका."

बटण सोडावं लागलं. दुसऱ्यांदा फुंकताना चेन खाली आली. सोबत आलेल्या सुनंदाने मागून शर्ट ओढून धरला, आणि अशा अवस्थेत माझ्या फुफ्फुसांची अधिकृत नोंद झाली.

बाहेर येतो तो बाकावर कमल बसलेली. शेजारी बबन, इस्त्रीचा शर्ट घालून, शिक्षा झाल्यासारखा.

"तुमाला सोबत म्हनून आलो," बबन म्हणाला.

"ह्यांचा पन नंबर लावा," कमल म्हणाली.

रिसेप्शनवरच्या मुलीने वही बघितली. पुढची वेळ सहा आठवड्यांनी. मी त्या वहीकडे बघत होतो तोच माझं नाव पुकारलं गेलं. मी बबनचा दंड धरला. "नातेवाईक आत चालतात ना?"

"एक."

"सुनंदा, तू थांब."

माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. एवढ्या चटकन माझं बोलणं तिने पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टर चाळिशीच्या होत्या, आवाज शांत. आधी त्यांनी सगळे पंप टेबलावर मांडायला लावले आणि म्हणाल्या, "कसा घेता, करून दाखवा." मी तोंड उघडलं, जिभेवर फवारा मारला, तोंड मिटलं आणि गिळलं.

"किती वर्षं असाच घेताय?"

"नऊ."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पंप दाबताना श्वास आत ओढायचा असतो. नऊ वर्षं मी औषध जिभेला देत होतो. बबन मात्र शेजारी खाली मान घालून हादरत होता, आणि तो खोकला नव्हता.

मग मी माझी छाती टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलली, चिकटपट्टीकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, "३२ मागचा" वाचलं.

"हे काय आहे?"

"खिसा," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं.

त्या आता मात्र हसल्या. तो जोडलेला फोटो त्यांनी दिव्याच्या पेटीवर लावला आणि हसू थांबलं. शेजारी नवा स्कॅन उघडला. बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिल्या. मी बटण लावायचं विसरलो होतो, ते तेवढ्यात लावून घेतलं.

"डाग तेव्हाही होते," त्या म्हणाल्या. "थोडे होते, वरच्या भागात. हे बघा, तुमच्या बत्तीस नंबरात. आता जास्त आहेत. वाढलेत, पण हळू. धुळीचं काम कुठे केलंत?"

मी कागद दिला. त्यांनी बोट एकाच ओळीवर ठेवलं.

"ही वाळूची धूळ. श्वासाबरोबर आत गेली की ती बाहेर येत नाही. काम सुटलं तरी आत तिचं काम चालू राहतं. हे आहेत ते डाग जाणार नाहीत. पण टीबीची तपासणी करू, लस घेऊ, श्वासाचे व्यायाम शिकवू. बरंच सांभाळता येतं."

मनात कॅन्सरची भीती होती, म्हणून मी सुटलो. आजारी आहे हे नक्की झालं होतं तरी हलकं वाटलं. वर एक क्षुद्र विचारही आला: म्हणजे सिगारेटने नाही! सुनंदाला बाहेर जाऊन सांगायला हवं. डॉक्टरांनी कागदावर पुढची ओळ वाचली. "रोज, पंधरा वर्षं? सिगारेटनेही हातभार लावलाय हं."

तेवढ्यात बबनला खोकला आला. डॉक्टर थांबल्या. त्या त्याचा खोकला संपेपर्यंत ऐकत राहिल्या, जसं आम्ही मशीनचा आवाज ऐकून कुठला भाग सैल आहे ते ओळखायचो.

"तुम्ही यांचे कोण?"

"आमी एकाच कारखान्यात," बबन म्हणाला.

"वाळूच्या खोलीत?"

"हां."

"किती दिवस?"

बबनने माझ्याकडे पाहिलं. मग सरळ बसून म्हणाला, "सहा वर्सं."

त्यांनी बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं छोटं मशीन माझ्या बोटाचं काढून त्याच्या बोटाला लावलं. आकडा बघितला. बोट बदलून परत लावलं. मग आपली खुर्ची त्याच्या बाजूला वळवली, आणि सहा आठवडे वाट बघून मिळालेल्या माझ्या वेळेतला उरलेला सगळा वेळ बबनचा झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतक्या तयारीने मी कुठे गेलो आणि नुसता बसून राहिलो, असं आयुष्यात एकदाच झालंय.

नंतर

बबनचा एक्स-रे त्याच दिवशी काढला. त्याचे डाग माझ्यापेक्षा खूप जास्त आहेत, एकात एक मिसळलेले. टीबी निघाला नाही, हे चांगलं. घरी आता त्याच्याकडे ऑक्सिजनचं मशीन आहे, ते लावून तो दप्तरं शिवतो. कमल म्हणते की मशीनचा आवाज शिलाईच्या आवाजापुढे ऐकूसुद्धा येत नाही. मी पंप नीट घ्यायला शिकलो. सुनंदासमोर रोज परीक्षा द्यावी लागते आणि एखादा श्वास चुकला तर ती परत घ्यायला लावते. वाळूचं तिला मीच सांगितलं, शहाडहून येताना रिक्षात. तिने एवढंच विचारलं, "दोन सीझन मी तुमचे कपडे धूत होते. मला एवढंही कळू दिलं नाहीत?"

डॉक्टरांनी बबनलाही कामाचा कागद लिहून आणायला सांगितला होता. तो मी लिहिला, त्याने सांगितला. "वाळू मारणे, सहा वर्षं" एवढी एकच ओळ झाली. मग तो म्हणाला, "त्या खोलीत आनखी दोघं व्हते, मास्तर. त्यांचा कोन लिवनार?"

एक होता वांगणीचा. आम्ही दोघं गेलो. घर सापडलं, पण तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता. "दम्यानं गेले," त्याची बायको म्हणाली. तिने चहा केला, आम्ही प्यायलो. तो दमा नसावा, असं तिला सांगावं की नाही, हे आम्हाला ठरवता आलं नाही, आणि आम्ही न सांगता परतलो.

दुसरा अंबरनाथलाच एका इमारतीवर वॉचमन आहे. आम्हाला बघून त्याला खूप आनंद झाला. दोन खुर्च्या बाहेर काढल्या, भजी मागवली, सेठची नक्कल करून दाखवली. आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं तर मोठ्याने हसला. "मला काय धाड भरलीय! चार मजले रोज चढतो." मी म्हटलं, बरं. आम्ही भजी संपवून उठलो, गेटपर्यंत आलो, तेव्हा तो मागून लगबगीने आला. मागे एकदा वळून बघितलं, त्याची बायको पाण्याच्या टाकीपाशी होती. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मास्तर, त्या शहाडच्या बाईचा नंबर द्या ना."

त्याने तळहात पुढे केला. मी तो धरला आणि त्यावर पेनने नंबर लिहिला, मोठ्या अक्षरात, पुसला जाऊ नये म्हणून दोनदा गिरवून.